भुंग्यांचा पावसाळा

पिरनवाडीत आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. मालक परगावी, कुंपण नाही, चार कोपऱ्यांना चार दगड रोवलेले. जुलै लागला, जांबोटीच्या अंगानं येणारा पाऊस दिवसचे दिवस हटेनासा झाला, की त्या प्लॉटात गाजरगवत गुडघ्याला लागतं. दरवर्षी हेच. लोकांना पावसाळ्यात काय काय आठवतं. मला भीती आठवते. तिला वास आहे, चुरगळलेल्या गाजरगवताचा, कडवट आणि घशाला चिकटणारा. तिला आवाज आहे, आप्पांच्या छातीतून येणाऱ्या बारीक शिट्टीचा. आणि तिला स्पर्शही आहे. सहा बारीक पाय तळहातावरून चालत जातात तेव्हा होतो तो. या स्पर्शाबद्दल मी आजवर कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि आप्पा. बेळगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहाय्यक आहे. लग्न केलं नाही. ते का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार नाही. आई-आप्पांचं आयुष्य निपाणीत गेलं. आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचे, आई विड्या वळायची. मला नोकरी लागली, इथं तीन खोल्यांचं घर झालं, तेव्हा दोघांना घेऊन आले. वाटलं, आता या माणसांनी जरा मोकळ्या हवेत बसावं. आप्पांनी चाळीस वर्षं तंबाखूची धूळ छातीत घेतली होती, तिनं त्यांना पाडलं नाही. मोकळ्या हवेनं पाडलं.

पहिल्यांदा पापण्या सुजल्या. मग मानेवर, कोपराच्या खोबणीत, कानामागं चट्टे उठले. कुणी नायटा म्हटलं, कुणी खरूज. मलमं झाली. दर पावसाळ्यात ते वाढायचं, उन्हाळ्यात जरा ओसरायचं. मानेची कातडी चिंचेच्या सालीसारखी जाड आणि भेगाळलेली झाली. शेवटी एका कातडीच्या डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर छोट्या छोट्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. एका चौकोनाखाली पाठ लालभडक होऊन फुगली होती. तो चौकोन गाजरगवताचा होता.

डॉक्टर म्हणाले, "हे गवत जिथं आहे तिथं थांबायचं नाही."

आप्पा म्हणाले, "साहेब, ते कुठं न्हाय तेवढं सांगा. तिथं जातो."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. रस्त्याकडेला, गटाराच्या काठावर, शाळेच्या मैदानात, रेल्वेच्या रुळांना लागून पार लोंढ्यापर्यंत ते होतं. आणि आमच्या खिडकीपासून दहा पावलांवर तर त्याचं रानच होतं. ते कापलं, तर कापताना उडालेल्या धुळीनं आप्पांचे डोळे मिटून जायचे. त्यावर औषध मारलं, तर पंधरा दिवसांत खालून पुन्हा हिरवं. त्यांच्या खोलीच्या दाराखिडक्यांना मी फटीबंद रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या. ज्या माणसाला मोकळ्या हवेत बसवायला आणलं, त्याला मी बरणीत घातल्यासारखं कोंडून ठेवलं.

मी सांगतेय तो पावसाळा तीन वर्षांपूर्वीचा. त्या जूनपासून कातडीच्या जोडीला दम सुरू झाला. रात्री मी माझ्या खोलीत पडून भिंतीपलीकडची शिट्टी ऐकायची. ती थांबली की जास्त भीती वाटायची.

त्याच महिन्यात कॉलेजात परीक्षेला बाहेरून हिरेमठ मॅडम आल्या. शेतीच्या संशोधन केंद्रात त्या किड्यांवर काम करतात. मूळच्या धारवाडकडच्या, मराठी बोलतात ते कानडी हेल काढून. चहा पिताना मी आप्पांचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ते गवत खाणारा भुंगा आहे री," त्या म्हणाल्या. "परदेशातून आणलेला. त्या गवतावरच जगतो. खूप वर्षांपूर्वी तपासून तपासून आपल्याकडं सोडला. तुम्हाला देते मी. वाढवा आणि प्लॉटात सोडा. पण लगेच गवत जाईल असं समजू नका. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी भुंगा."

आठवड्यानं त्यांनी साठ भुंगे दिले. काचेची मोठी बरणी, तोंडाला मलमलीचा तुकडा आणि रबर. आत गाजरगवताच्या कोवळ्या फांद्या आणि त्यांवर तुरीच्या डाळीएवढे किडे. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी पट्टे. कुणी बारीक कुंचल्यानं रंगवलेत असं वाटावं. मी बरणी घ्यायला हात पुढं केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "कै हच्चब्याड्री. यांना हात लावायचा नाही. नजर लावायची. हलवायचंच झालं तर मऊ ब्रश, नाहीतर पान पुढं धरायचं, आपण होऊन चढू द्यायचं."

त्यांना काय माहीत, हात लावायची माझी हिंमतच नव्हती. प्रयोगशाळेत मी पेट्याच्या पेट्या भुंगे सांभाळते, टाचण्या टोचलेले, पोटाखाली नावाची चिठ्ठी असलेले. मेलेल्या किड्यांची मला भीती नाही. जिवंताची आहे, आणि ती चावेल म्हणून नाही. निपाणीत मी सात-आठ वर्षांची असताना चुलतभावानं मला एक सोनकिडा दिला होता. हिरवा, सोनेरी, उन्हात डोळे दिपवणारा. तो उडून जाईल म्हणून मी मूठ आवळली. घरी येईपर्यंत आवळूनच ठेवली. आईला दाखवायला उघडली, तेव्हा त्याचे दोन पाय माझ्या तळहाताला चिकटले होते आणि तो एका कुशीवर फिरत होता. मी काही वाईट केलं नव्हतं. फक्त घट्ट धरलं होतं. तेव्हापासून जिवंत काहीही हातात घेताना मला माझ्या बोटांचीच भीती वाटते.

बरणी घरी आणली आणि आईनं ती दारातच अडवली.

"ह्यात काय हाय?"

मी सांगितलं.

"आणि त्यास्नी खायला काय घालणार?"

"गाजरगवत."

आई म्हणाली, "ज्या गवतानं माणूस टेकीला आलाय, त्येच घरात आणतीस व्हय गं?"

तिचं बरोबर होतं. मला दुसरा रस्ता दिसत नव्हता, एवढंच. गच्चीवर पत्र्याची एक अडगळीची खोली होती, तिथं मी बरण्या आणि तळाशी माती घातलेले पसरट डबे मांडले. आप्पांनी वर यायचं नाही. मी वर जाताना जुना रेनकोट घालायचा, खाली येण्याआधी तो तिथंच काढून ठेवायचा, थेट न्हाणीत जायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, मगच आप्पांच्या समोर जायचं. फूल न आलेल्या कोवळ्या फांद्याच तोडायच्या. त्या महिन्यात मी दिवसातून दोनदा डोक्यावरून न्हायचे. केस कधी वाळलेच नाहीत. कॉलेजात एकीनं विचारलं, "तुमच्याकडं कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही.

पहिल्यांदा बरणी साफ केली तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. तळाशी काळी लेंडी साठली होती, पानं पिवळी पडली होती, काचेला आतून घाम आला होता. मॅडमनी बजावलं होतं की तो घाम आधी पुसायचा, नाहीतर बारीक अळ्या थेंबात अडकून बुडतात. आणि कोरड्या फडक्यानंच पुसायचा, साबण नाही, फिनेल तर नाहीच. मी खाली पांढरी चादर अंथरली. मलमल काढली. ब्रश पहिल्या भुंग्याजवळ नेला, आणि तो पडला. पाय पोटाशी घेऊन, उताणा, निश्चल. दुसऱ्याजवळ नेला, तोही पडला. फांदी जरा हलली तसे टपटप सगळेच पडले. चादरीवर साठ भुंगे मरून पडलेले. मी काहीही केलं नव्हतं, धरलंसुद्धा नव्हतं. वर पत्र्यावर पाऊस, आणि मी गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून. माझ्या हातावर काही लागलं होतं का? सकाळी डासाचं मलम चोळलं होतं का? आठवेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकाची मिशी हलली. एक पाय उघडला. मग दुसऱ्याचा. सगळी चादर हळूहळू चालायला लागली. भ्यायले की ते मेल्याचं सोंग घेतात, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. भीतीच्या वेळी वाचलेलं काही उपयोगी पडत नाही.

त्यानंतर हात जरा शिकले. जुनं पान टाकण्याआधी उजेडाकडं धरून उलटून बघायचं, कारण खाली फिकट पिवळी अंडी चिकटलेली असतात. अंडी असलेलं पान टाकायचं नाही, नव्या पानावर ठेवायचं. एका वेळी एकच डबा उघडायचा. अंड्यांतून अळ्या आल्या, त्या पानं कुरतडत पिवळ्या आणि गुबगुबीत झाल्या. मग एकेक करून दिसेनाशा व्हायला लागल्या.

त्या दिवसांतली एक सकाळ कुणाच्याही वाट्याला येऊ नये, असं मी आजही म्हणते. आप्पांचा रात्रभर डोळा लागला नव्हता. माझं कॉलेजात प्रात्यक्षिक होतं. घाईघाईनं वर गेले. एका डब्यात अळ्याच नव्हत्या, माती शेवाळली होती आणि कुबट वास येत होता. मी ती सगळी माती गच्चीच्या कोपऱ्यात उपडी केली, डबा धुऊन पालथा घातला आणि निघाले. अकराच्या सुमाराला, मुलांच्या समोर झुरळाचा ट्रे ठेवताना, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अळ्या गेल्या कुठं असतील? मातीत. कोषात जायला त्या मातीतच उतरतात. आणि बाहेर पाऊस कोसळत होता.

प्रात्यक्षिक घेणाऱ्या सरांना सांगून मी रिक्षा केली. घरी पोचले, जिना चढले, तर गच्चीच्या कोपऱ्यात आई बसलेली. डोक्यावर इरलं घ्यावं तसं प्लास्टिकचं पोतं, आणि हातात चहाचा चमचा.

"माती वाहून गटारीला चाललीती," ती वर न बघता म्हणाली. "कपडं काढाय आलतो तर त्यात काय तर हलताना दिसलं."

तिच्याशेजारच्या ताटलीत ओल्या फडक्यावर पंचवीस-तीस कोष मांडलेले होते. पांढुरके, मऊ, तांदळाच्या भिजलेल्या दाण्यासारखे. मी शेजारी बसले, एक कोष चिमटीत घ्यायला गेले आणि तो फुटला. माझ्या बोटावर पिवळं पाणी आलं. मी हात मागं घेतला.

"धरू नको," आई म्हणाली. "खालनं माती घेऊन उचल. तंबाखू पानावर कशी घेतोय आम्ही? दाबली तर जळंल का विडी?"

मी तिच्या बोटांकडं बघत बसले. चाळीस वर्षं त्या बोटांनी पानाची शीर न मोडता विडी वळली होती. एकही कोष तिच्या हातून दुखावला नाही. आम्ही दोघी दुपारी दोनपर्यंत त्या चिखलात होतो. सत्तर-एक कोष निघाले असतील. किती गटारीतून गेले ते कळायला मार्ग नाही. त्या दिवसापासून वर जायचे रेनकोट दोन झाले. संध्याकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "घाईच्या वक्ताला माणसानं जित्या जिवाला हात घालू नये."

दहा-बारा दिवसांनी मातीतून नवे भुंगे वर आले. पाठ अजून मऊ, पट्टे फिके. आता सगळे मिळून दीडशेच्या आसपास झाले होते. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दोन दिवस पाठ कडक होऊ दे, मग ढगाळ सकाळ बघून सोडा." मी कॅलेंडर बघितलं. श्रावणातला मंगळवार होता. गुरुवारी सोडायचं ठरवलं.

बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, तीन गल्ल्यांपलीकडून फटफट असा आवाज आला. सायलेन्सर फुटलेल्या मोटरसायकलसारखा. मी गच्चीवर होते. पुढच्या वळणावर पांढरा धूर भिंतीसारखा उभा राहिला होता. वस्तीत डेंगीचे दोन-तीन रुग्ण सापडले होते, म्हणून डासांचा धूर मारत होते. करायलाच हवं होतं ते. पण ज्या धुरानं डास मरतात, त्यानं माझे भुंगे का वाचावेत?

पत्र्याची खोली नावालाच बंद व्हायची. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट. स्वयंपाकघराला जाळीचा झरोका, पुढच्या खोलीचं दार तळाशी कुजलेलं. घरात घट्ट बंद होणारी खोली एकच होती, आप्पांची. ती मीच तशी करून घेतली होती, या गवताचा कण आत जाऊ नये म्हणून.

मी जिन्यावरून आईला हाक मारली. आईनं वर बघितलं, धुराकडं बघितलं, आणि पोती भिजवायला घेतली. आप्पा आतून म्हणाले, "काय झालं गं?"

मी दारातूनच सांगितलं.

"मग आण की आत," ते म्हणाले.

"आप्पा, त्यांच्या अंगाला गवत असतं."

"गवत भाईर टाक. नुसतं किडं आण. बरणीला झाकण लाव. एका तासानं काय हुतंय?"

मी विचार करत उभी राहिले नाही. करायला हवा होता. मातीचे डबे आईनं ओल्या पोत्यांनी झाकले. मी एक स्वच्छ कोरडी बरणी घेतली, घट्ट फिरकीच्या झाकणाची. दीडशे भुंगे ब्रशनं हलवायला तास लागला असता आणि आवाज आता दोन गल्ल्यांवर आला होता. मी फांदी बरणीवर धरून टिचकी मारली. ते भ्याले आणि पडले, टपटप बरणीत. पुढची फांदी. पुन्हा टिचकी. त्यांच्या भीतीचाच मी उपयोग करून घेत होते. काही तोंडावरच्या मलमलीला चिकटून बसले होते, ते पडेनात. मग ब्रश टाकला आणि हात घातला. पहिल्यांदा. तळहात खाली धरला आणि बोटानं मागून नुसता स्पर्श केला, तसे ते चालत आले. सहा पाय, मग बारा, मग किती तरी. मनगटापर्यंत काटा आला. मूठ मिटायची नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते. मिटायची नाही, मिटायची नाही.

शेवटी एक पान हातात राहिलं. सवयीनं उलटलं. खाली अंडी होती, आठ-दहा.

मला ते पान टाकता आलं असतं. रुपयाएवढं पान. आईनं चिखलातून वेचलेल्या कोषांतून आलेल्या मादीनं घातलेली ती पहिलीच अंडी असणार, असं काहीतरी मनात आलं. मी ते पान बरणीत टाकलं आणि झाकण आवळलं.

बरणी ओल्या फडक्यानं बाहेरून पुसून आप्पांच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली. म्हटलं, "झाकण उघडू नका. तासाभरात नेते. तेवढी हवा पुरते त्यांना."

"व्हय," आप्पा म्हणाले.

दार ओढून घेतलं. माझ्या अंगावर, केसांत सगळीकडं गवताचा चुरा होता, म्हणून मी न्हाणीत शिरले. आई पुढच्या दाराला ओलं पोतं लावून बसली. धूर आला तो न्हाणीच्या झरोक्यातूनही आला, रॉकेलसारखा वास, डोळ्यांना झोंबणारा. मी अंगावर पाणी ओतत राहिले आणि कान भिंतीपलीकडं. आप्पांचा खोकला ऐकू येतो का? येत नव्हता. फक्त ती फटफट, जवळ, अगदी जवळ, मग लांब.

तासानं मी दार उघडलं. आप्पा उशीला टेकून बसले होते. बरणी स्टुलावरच, झाकण घट्ट. आतले भुंगे काचेवरून चालत होते. एकही मेलेला नव्हता. मातीतलेही पुढं बहुतेक वाचले.

"लई नाजूक हाईत गं," आप्पा म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पापण्या फुगल्या होत्या. दुपारी शिट्टी सुरू झाली. संध्याकाळी वाक्य पुरं होईना, दोन शब्दांत श्वास तुटायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांची नखं निळसर दिसत होती. ते खरंच निळसर होतं की ट्यूबलाइटचा उजेड, मी कितीदा वाकून बघितलं. डॉक्टरांनी नळी लावली, सुई टोचली आणि मला बाहेर बोलावलं.

"घरात नवीन काही झालं का? गवताशी संबंध?"

"धूर मारला होता काल," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली, धुरानंही असं होतं म्हणाले, लिहून घेतलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि रुपयाएवढं पान माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी माझ्या बापाच्या उशाशी ते ठेवलं होतं. विसरून नाही. चुकून नाही. उलटून, बघून, ठरवून.

पाच दिवस आप्पा दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, तेव्हा पहिलं वाक्य ते बोलले, "भुंगं सोडलंस का?"

मी सोडले नव्हते. आईनं सोडले. एका ढगाळ सकाळी ती एकटी डबे घेऊन प्लॉटात उतरली, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि एकेका रोपाशी वाकून भुंगे पानावर चढू दिले. झटकले नाहीत, ओतले नाहीत. शेजारणीनं विचारलं, "काय करताय आक्का?" आई म्हणाली, "पोरीचं काम राहिलंतं, ते करतोय."

गणपती येईपर्यंत प्लॉटातली पानं चाळणीसारखी झाली. दसऱ्याला नुसत्या शिरा आणि देठ. फुलं आली, पण थोडी. प्लॉटाच्या पलीकडच्या अंगाला गवत तसंच राहिलं, तिथं ते पोचलेच नाहीत. पुढच्या जूनमध्ये, दोन-चार चांगल्या सरी झाल्यावर, मातीतून आपले आपण भुंगे वर आले. कुणी बोलावलं नव्हतं. गेल्या वर्षी कमी आले. यंदा किती येतील सांगता येत नाही. आप्पांचं अंग पूर्वीपेक्षा बरं आहे. औषधांनी, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यांनी की भुंग्यांनी, हे मला ठाऊक नाही आणि मी छातीवर हात ठेवून सांगणारही नाही. दम तेवढ्या जोरानं पुन्हा आला नाही. तरी जुलैत मी अजून भिंतीला कान लावते.

ते पान मात्र मी तीन वर्षं गिळून बसले. सांगून काय होणार, असं म्हणायचे. खरं तर आप्पांच्या तोंडावर काय उमटेल ते बघायची भीती होती.

गेल्या रविवारी बोलले. पाऊस उघडला होता. आप्पा काचेच्या बंद खिडकीशी खुर्ची घेऊन प्लॉटाकडं बघत बसले होते, आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी बरणीत मी एक पान ठेवलं होतं. अंड्यांचं. मुद्दाम. तुम्हाला जे झालं, ते त्यानंच."

आप्पा माझ्याकडं वळले नाहीत. मानेवरची ती जाड कातडी तेवढी हलली.

"पान बघितलतं मी," ते म्हणाले. "झाकण उघाडलं तवाच दिसलं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "झाकण तुम्ही उघडलं?"

"दोनदा. तू न्हाणीत हुतीस." ते प्लॉटाकडंच बघत बोलत होते. "आत लई गर्दी झालीती. एकावर एक चढून झाकणाकडं येत हुती समदी. मला वाटलं, गुदमरत्याल. म्हणून तोंडाजवळ धरून जरा उघाडलं, परत लावलं. तू सांगितलतंस उघडू नका म्हणून. मग दवाखान्यात तू अशी बसलेली बघून बोलायचा धीर झाला न्हाय."

आईचे हात तांदळात थांबले होते. बाहेर प्लॉटात गवत वाऱ्यानं हलत होतं आणि काचेतून, इतक्या लांबून त्यावर भुंगे आहेत की नाहीत हे दिसत नव्हतं.

तीन वर्षं मी दवाखान्यातल्या त्या बाकावर बसून होते, आणि तीन वर्षं ते. दोष कुणाचा, हे आता ठरवता येणार नाही. मला दिसत राहते ती बंद खोली. बाहेर धूर, दाराला ओलं पोतं, आणि स्वतःला श्वास पुरत नसलेला एक म्हातारा माणूस दोन्ही हातांनी बरणी तोंडाशी धरून झाकण उघडतोय, आत थोडी हवा जावी म्हणून.